ज्यानं बोर मारला त्यानं मागं बसाचं

"ब्लॉक खोलून ठेव," असं मी म्हटलं होतं. बस, एवढंच. आता नागपुरातल्या कोणत्याही मिस्तरीले विचारा, खोलणं म्हणजे काय? नटबोल्ट काढाचे, पार्ट वेगळे कराचे, कपड्यावर मांडून ठेवाचे. शब्द हिंदीतून आला असन, पण घाट रोडवर इंजिन खोललं म्हणजे उघडलं, हे शेंबडं पोरगंही सांगते. फक्त आमच्या बोरिंगच्या दुकानात त्या शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे. "बोर खोल" म्हटलं की भोक मोठं कराचं. अन् माझ्या दिरानं, देवरावनं, मी सांगतलेला अर्थ सोडला अन् त्याले पाहिजे होता तो धरला. आज इतके वर्षं झाले, पण ही गोष्ट सांगाले बसली की माझं डोकं अजून तसंच तापते.

जनता सरकार होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या पोट्ट्याचे, वसंताचे बाबा जाऊन तेव्हा काही वर्षं झाले होते अन् दुकान मी चालवत होती. मी म्हणजे कांताबाई. गल्ल्यावर बसून चालवत नव्हती, मशीनवर उभी राहून चालवत होती. आमचं काम समजून घ्या, मंग पुढचं समजन. इंजिनात पिस्टन ज्या भोकातून वरखाली होते त्याले बोर म्हणतात. घासून घासून ते भोक वेडंवाकडं होते, गाडी धूर मारते, तेल पिते. मंग आम्ही ब्लॉक, म्हणजे त्या भोकाचा लोखंडी ठोकळा, मशीनवर चढवतो, भोक थोडंसं मोठं करून पुन्हा गोल करतो, अन् त्याच्यात पुढच्या साइजचा पिस्टन बसते. यालेच आम्ही बोर मारणं म्हणतो. ह्या साइज कंपनीनं ठरवून दिलेल्या असतात. शेवटची साइज झाली की थांबाचं. काहून? काहून का त्याच्यापुढं भिंतीत लोखंडच उरत नाही. आतमधी स्फोट होऊन राहिले अन् भिंत बांगडीएवढी, असं इंजिन कोण चालवन?

वसंताचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात काम शिकले होते. त्यांनी आमच्या दुकानाले एक रीत लावून दिली. मोटरसायकलचं काम असलं तर गाडी जुळल्यावर पहिली चक्कर गिऱ्हाईकानं माराची, अन् ज्यानं बोर मारला त्यानं त्याच्या मागं बसाचं. काही झालं तर दोघांचं होईन. ते म्हणत, "इंजिन कानानं नाही, बुडानं ऐकाचं." मोठ्यानं हसत अन् कोणाच्याही मागं टांग टाकून बसत. गिऱ्हाईक आमच्याकडं येत त्याचं कारण ही चक्करच होती. मिस्तरी स्वतः बसून राहिला म्हणजे काम पक्कं, असं लोक समजत.

ते गेल्यावर बसाची पाळी माझ्यावर आली. नऊवारीचा काचा घट्ट केला अन् बसली. इंदोऱ्यात आमच्या वस्तीतल्या नळावर बायांनी कुजबुज सुरू केली. एक तर मले ऐकू जाईन अशीच बोलली, "कांताबाई रोज नव्या माणसाच्या मागं बसून फिरते वं." मी पाण्याचा गुंड खाली ठेवला अन् तिच्यापुढं जाऊन म्हटलं, "हौ, फिरते. तुह्या नवऱ्याची गाडी दुकानात आली तर त्याच्याही मागं बसीन. येवढी जळफळ होत असन तर तू ये अन् बोर मार." त्या दिवसापासून माझा नंबर नळावर कोणी मागं ढकलला नाही.

देवराव तेव्हा माझ्या हाताखाली होता. मी लग्न होऊन आली तेव्हा तो हाफपँट घालून दारात उभा होता, त्याले मी न्हाऊमाखू घातलं आहे. म्हणून मी त्याले कधी भाऊजी म्हटलं नाही, नावानंच बोलवलं. हात त्याचा चांगला होता, खोटं कशाले बोलू. पण मनात एक अढी होती. जवानीत त्याले रेस खेळाची होती. भावानं नाही म्हटलं, गाडीची चाबी काढून घेतली, अन् तो ते कधी विसरला नाही. मंग भाऊ गेला अन् वर वहिनी येऊन बसली. तोंडानं "हौ वहिनी, हौ वहिनी", अन् आतून धुमसत राहाचा.

अन् माझा वसंता. एकुलता एक पोट्टा. हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टवर जाये, अन् त्याच्यापाशी एक जुनी बुलेट होती, मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. जीव होता त्याचा तिच्यावर. त्या वर्षी काटोल रोडच्या एका मैदानात दसऱ्यानंतर मोटरसायकलच्या रेसची टूम निघाली. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरचा पोरगा, मुकुंद, बंबईहून नवी गाडी घेऊन आला होता. तो चहाच्या टपरीवर चारचौघांत वसंताले म्हणाला, "तुझ्या बुलेटला दुधाचे कॅन लाव, शोभून दिसतील." झालं! माझंच रक्त आहे ते, पेटलं.

दुसऱ्या दिवशी वसंता दुकानात आला तो हातात पिस्टन घेऊन. कबाड्याकडून आणला होता, कोणत्या तरी जुन्या मोटरकारचा. बुलेटच्या पिस्टनपेक्षा चांगलाच मोठा.

"माय, हा टाक. बोर येवढा केला तर गाडी बंदुकीसारखी सुटन. मुकुंदले धूळ चारतो."

मी तो पिस्टन घेतला अन् दुकानात पडलेल्या एका बुलेटच्या ब्लॉकच्या तोंडावर ठेवला. भोक पूर्ण झाकून तो काठावर आला. काठ राहिला किती? सांगतलं ना, बांगडीएवढा.

"नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"डोळे आहेत ना तुले? पाह्य. खालून ब्लॉकचा गळा याच्याहूनही पातळ आहे. भर स्पीडमधी फुटला तर पिस्टन जाम होईन, मागचं चाक जागीच बसन, अन् तू जाशीन हँडलवरून डोक्यावर."

"काका तर म्हणत होते, जमते म्हणून."

मी देवरावकडं पाह्यलं. तो कपड्यानं हात पुसत राहिला.

"काका म्हणत होते!" माझी सटकलीच. "तुहा काका जवानीपासून रेस रेस करून राहिला, त्याचं ऐकतं का माझं? हा पिस्टन या दुकानात दिसला नाही पाहिजे मले." अन् मी तो पिस्टन बाकाखाली फेकून दिला. तिथंच माझं चुकलं म्हणा पाहिजे तर, नालीत फेकाले पाहिजे होता.

वसंताचं तोंड उतरलं. जाता जाता म्हणाला, "धूर तर मारतेच आहे गाडी. तेवढं तरी पाहशीन का नाही?" आता पोट्ट्याचं उतरलेलं तोंड पाह्यलं तर कोणती माय नाही म्हणन? दसरा तोंडावर होता. भंडाऱ्याहून, पवनीहून पाव्हणे दीक्षाभूमीवर येणार, घर भरणार, मले चुलीपासून हलता येणार नव्हतं. म्हणून मी देवरावले जाता जाता सांगतलं, "वसंताचा ब्लॉक खोलून ठेव. मी आली की पाहीन, लागला तर कंपनीच्या पुढच्या साइजचा बोर मारून देईन."

पूर्ण वाक्य बोलली होती मी. देवरावले त्याच्यातलं फक्त "खोलून ठेव" ऐकू आलं.

पाव्हणे गेले, मी दुकानात आली. आली तर बाहेर वसंताची बुलेट उभी, धुतलेली, पुसलेली, जुळलेली. मी म्हटलं, अरे, मी खोलाले सांगतली अन् ही तर जुळून उभी आहे. वसंता बाजूले उभा राहून हसत होता. "थांब माय, ऐक," म्हणाला अन् त्यानं किक मारली.

तो आवाज मी विसरणार नाही. बुलेटचा ठोका मले झोपेतही ओळखू येते. हा ठोका तो नव्हता. जाड होता, छातीवर बसणारा. शेजारचा पंक्चरवालाही टायर सोडून पाहाले आला. मी आतमधी गेली. मशीनच्या पायथ्याशी लोखंडाचा बुरादा पडला होता. एक बोर मारला तर किती बुरादा निघते ते माझ्या हाताले माहीत आहे, रोज मीच झाडते. इथं ढीग होता. बाकाखाली वाकून पाह्यलं, पिस्टन नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देवराव!"

तो मागच्या खोलीतून आला. आधीच तयारी करून ठेवलेलं तोंड घेऊन आला. "काय झालं वहिनी? तुम्हीच तर म्हटलं, खोलून ठेव. मी खोलला."

"ब्लॉक खोल म्हटलं होतं मी."

"बोर म्हणजे ब्लॉकचाच ना. बोरिंगच्या दुकानात खोल म्हटलं तर माणूस काय समजन?"

"पुढच्या साइजचं बोलली होती ते कुठं गेलं? ते कानात शिरलं नाही?"

"मले तेवढंच ऐकू आलं."

आता सांगा, याच्यावर माणसानं काय कराचं? त्यानं उघड म्हटलं असतं की वहिनी, मले कराचं होतं, मी केलं, तर मी त्याले दोन शिव्या दिल्या असत्या अन् थोडा मान तरी ठेवला असता. पण तो माझ्याच शब्दाच्या आड लपला. अन् वसंता त्याच्याच बाजूनं उभा.

"माय, झालं ते झालं. काकानं मस्त हात मारला आहे. किती भिंत उरली, सांगा काका."

"भरपूर आहे," देवराव म्हणाला. पण माझ्याकडं पाहून नाही म्हणाला, मशीनकडं पाहून म्हणाला.

"गाडी बंद कर अन् ब्लॉक काढ," मी वसंताले म्हटलं.

"नाही काढत."

"वसंता!"

"नाही काढत म्हणजे नाही काढत! तुले माझं काही चांगलं होऊच द्याचं नाही. बाबांनी काकाले दाबलं, तू मले दाबून राहिली. जग कुठं चाललं अन् आपण साइजवर साइज मोजत बसलो. रविवारी रेस आहे, अन् ही गाडी जाईनच." येवढा मोठा पोट्टा, पण डोळ्यांत पाणी. अन् मी पाह्यलं, देवरावच्या तोंडावर जरासं हसू आलं. जरासंच, पण मी पाह्यलं.

त्या हसण्यानं माझ्या डोक्यातला गोंधळ थांबला. राग गेला असं नाही, उलट तो एका जागी जमा झाला. जबरदस्तीनं गाडी बंद केली तर पोट्टा ती उचलून दुसऱ्याच्या दुकानात ठेवन अन् रविवारी तिथूनच मैदानात जाईन, हे मले कळत होतं. मी आरडाओरडा केला तरी तो माझं ऐकणार नव्हता. त्याच्यासाठी काका म्हणन ते खरं. तर मंग काकाच सांगन.

"बरं," मी म्हटलं. "जातो म्हणतं ना, जा. पण गाडी या दुकानातून निघून राहिली. या दुकानाची रीत आहे."

वसंतानं डोळे पुसले. त्याले पटलंच नाही की मी मानली. "तू बसतं मागं? ये ना माय, बस."

"मी कशाले? बोर मी मारला का? ज्यानं बोर मारला त्यानं मागं बसाचं." मी देवरावकडं वळली. "बस गा देवराव."

"बसतो ना," तो म्हणाला. "हळूच एक चक्कर, कॉटन मार्केटपर्यंत. नवीन बोर आहे, पहिल्यांदा हळूच चालवा लागते."

"हळू कशाले? रविवारी हा हळू चालवणार आहे का? रेसमधी चालवणार तसाच चालवन. इथून थेट हिंगण्यापर्यंत, रिकाम्या रस्त्याले लागला की पूर्ण ॲक्सिलरेटर. तू बस त्याच्या मागं, बुडानं ऐक इंजिन, अन् येऊन मले सांग."

"वहिनी, नवीन बोर गरम होते. जोरात पळवलं तर जाम होईन."

"रविवारी नाही होणार का जाम?"

"तोपर्यंत तो थोडा चालवन, घासून मोकळा होईन…"

"ठीक. उद्या, परवा चालव म्हणा त्याले हळूहळू. शनिवारी तू पूर्ण स्पीडनं बस. कबूल?"

देवरावनं आजूबाजूले पाह्यलं. पंक्चरवाला उभा होता, समोरच्या स्पेअर पार्टवाल्या दुकानातलेही दोघं-तिघं येऊन उभे होते. गाडी चालूच होती, धक्-धक्, धक्-धक्. वसंता सीटवर बसला होता, एक पाय जमिनीवर, मान वळवून काकाकडं पाहत होता. त्याच्या डोळ्यांत काही शंका नव्हती. काका आता येऊन बसन याची तो वाट पाहत होता, अन् जागा करून द्याले थोडा पुढंही सरकला.

"बसा ना काका," तो म्हणाला. "शनिवारचं कशाले, आत्ताच मारू चक्कर. दाखवून देऊ मायले."

देवराव दोन पावलं पुढं आला. त्यानं सीटवर हात ठेवला. बसला असता तर? खरंच सांगते, मी दोघांना जाऊ दिलं असतं का आडवी पडली असती, मले माहीत नाही.

त्यानं सीटवरून हात काढला. कमरेवर ठेवला. "कंबर धरली आहे दोन दिवसांपासून," म्हणाला.

"बोर माराले उभा राहिला तेव्हा नव्हती धरली?"

"वहिनी, तुम्ही उगाच लोकांसमोर…"

"लोकांसमोरच! माझा शब्द फिरवाले तुले लाज नाही वाटली, आता लोकांची वाटून राहिली? भिंत भरपूर आहे म्हटलं ना तू? मंग बस. नाही तर सांग माझ्या पोट्ट्याले, किती उरली आहे भिंत. त्याच्या तोंडावर सांग."

"अवो, काही होत नाही त्याले, तो जवान आहे!" देवराव एकदम ओरडला. "माझं तसं आहे का? मले लहान पोरी आहेत ना वहिनी!"

बोलून गेला अन् मंग त्याले कळलं, काय बोलला ते.

गाडी तेवढी चालू होती. मी म्हटलं, "अन् मले?" मी एक पाऊल पुढं गेली. "मले किती आहेत रे, देवराव? मोज ना. मले किती आहेत?"

वसंता अजून मागंच पाहत होता. काकाच्या तोंडाकडं नाही, मागच्या रिकाम्या सीटकडं. मंग त्यानं हळूच ॲक्सिलरेटरवरचा हात काढला अन् इंजिन बंद केलं. तो उतरला. गाडी स्टँडवर लावली. दुकानात गेला, पाने घेऊन आला, अन् गाडीपाशी उकिडवा बसला. देवराव पुढं झाला, "दे, मी खोलून देतो…"

"हात नका लावू काका," वसंता म्हणाला. बस, येवढंच. त्यानं एकट्यानंच ब्लॉक काढला, चटके खात खात, थंड होईपर्यंतही थांबला नाही. काढून त्यानं तो उलटा केला, खालचा काठ पाह्यला, त्याच्यावरून अंगठा फिरवला अन् माझ्या हातात दिला. रविवारी तो मैदानात गेला नाही, घरी चादर ओढून पडून राहिला. मुकुंदनं रेस जिंकली म्हणे. जिंकू दे.

देवराव वर्षभरात सुभाष रोडवर दुसऱ्याच्या दुकानात गेला. लग्नाकार्यात भेटते, "वहिनी" म्हणून पाया पडाले वाकते. मी पाय मागं घेते. लोक मले समजावतात, की कांताबाई, सोडा आता. अन् एक-दोन शहाणे तर असंही म्हणतात, की तो ब्लॉक फुटलाच असता कशावरून? तुम्ही चालवूच दिला नाही. नसताही फुटला. मोठे बोर करून पोट्टे रेस खेळतात, जिंकतात, घरी येतात, मले काय माहीत नाही? मी त्या ब्लॉकच्या भिंतीबद्दल बोलूनच नाही राहिली.

तो ब्लॉक अजून दुकानात आहे, मशीनच्या वरच्या फळीवर. नवीन माणूस कामाले आला की मी त्याले तो देते अन् विचारते, "याच्या मागं बसशीन का?" जो हसून हौ म्हणते त्याले ठेवत नाही. जो काठावरून बोट फिरवून मान हलवते त्याले ठेवते. अन् पहिल्याच दिवशी सांगते, या दुकानात खोल म्हणाचं नाही. काढाचं असलं तर काढ म्हणाचं, वाढवाचं असलं तर वाढव म्हणाचं. कोणी चुकून बोललंच, तर वसंता मशीनवरून मान वर करून पाहते अन् पुन्हा कामाले लागते. हिंगण्याची नोकरी सोडून तो दुकानात आला त्याले आता खूप दिवस झाले. बोर तोच मारते, मागंही तोच बसते, अन् तो चक्कर मारून परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही.